वरची वाटी

चाचीनं मला खोली भाड्यानं देण्याआधी माझा हात हुंगला होता. डेअरीतल्या नोकरीची ऑर्डर, आजऱ्याच्या घरचा पत्ता, वडिलांचा फोन नंबर असं सगळं मी पिशवीत घालून नेलं होतं. त्यातलं तिनं काही बघितलं नाही. दारातच माझं मनगट धरलं, नाकापाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"कसला साबण लावतीस गं?"

मी नाव सांगितलं. त्याची जाहिरात तेव्हा टीव्हीवर सारखी लागायची.

"तरीच. कातडं बघ, पापडागत झालंय." आत जाऊन तिनं कागदात गुंडाळलेली एक पिवळट वडी आणली आणि माझ्या हातावर ठेवली. "ही आठ दिस लाव आणि मग ये. तवर खोली कुणाला देत न्हाय."

आठवडाभर मी एका मैत्रिणीकडं चटईवर झोपले आणि परत गेले. चाचीनं पुन्हा हात हुंगला, अंगठ्यानं घासून बघितला आणि म्हणाली, "आता माणसात आलीस. सामान आण." मंगळवार पेठेतल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर मी पुढं बरीच वर्षं राहिले. बदली होण्याचे दोन प्रसंग आले, तेही मी वशिला लावून टाळले. त्यातलं एक कारण चाची होती, हे तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भाडं वाढवलं असतं.

ती नक्की कुणाची चाची, हे कुणालाच माहीत नव्हतं. गल्लीतले हिंदू, मुसलमान, भाजीवाले, वायरमन, सगळे तिला चाचीच म्हणायचे. उंची जेमतेम, पण आवाज असा की अंगणात पुटपुटली तरी चौकातला रिक्षावाला मान वळवायचा. हुंगण्याची तिला खोडच होती. दूध हुंगायची, तेल हुंगायची, धुतलेले कपडे हुंगायची. माझ्याकडं कुणी मैत्रीण आली तर जिन्यातच तिचा वास घेऊन नंतर मला सांगायची, "ही खोटं बोलतीया. जपून ऱ्हा." एकदा तिचं खरं निघालं, बाकी वेळा साफ चुकलं. चुकलेलं ती विसरून जायची आणि खरं निघालेलं मला वर्षभर ऐकवायची.

वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. एकीत मी राहायचे, दुसरीत साबण राहायचा. राहायचा हाच शब्द बरोबर आहे. बाजेवर जुनी ओढणी अंथरून त्यावर वड्या मांडलेल्या असायच्या, वरून दुसरी ओढणी पांघरलेली. रोज संध्याकाळी चाची वर यायची आणि एकेक वडी कुशीवर वळवून ठेवायची. साबण ओतला की सव्वा महिना त्याला हात लावायचा नाही हा नियम. "बाळंतीण उठतीया का सव्वा महिन्याआधी? मग?" माझ्या खोलीला एक खिडकी आणि साबणाच्या खोलीला दोन, हे मी एकदा बोलून दाखवलं. तर म्हणाली, "तू जातीस की दिसभर भाईर. ते बिचारं कुठं जाणार?"

साबण करायचा दिवस म्हणजे गल्लीला करमणूक होती. मागच्या अंगणात चाची नवऱ्याचा रेनकोट घालून उभी राहायची आणि डोक्यावर त्याचंच स्कूटरचं हेल्मेट, काच खाली ओढलेली. कॉस्टिक सोडा उडून डोळ्यांत जायला नको म्हणून. पाण्यात सोडा सोडला की भांडं तापायचं, वाफ उठायची आणि हेल्मेटमधून घुमल्यासारखा आवाज यायचा, "लांब व्हा! सगळ्यास्नी सांगतोय, लांब व्हा!" समोरच्या वहिनी गॅलरीतून हसून हसून बेजार व्हायच्या. चाचीला ते दिसायचं नाही, कारण हेल्मेटची काच इतकी ओरखडलेली होती की तिला भांडंसुद्धा अंदाजानंच दिसत असणार. मला तर दरवेळी भीती वाटायची.

नवऱ्याचं तेलाचं दुकान होतं. तो गेल्यावर दुकान गेलं, तराजू तेवढा घरी राहिला. त्या तराजूवर ती सगळं काटेकोर तोलायची. खोबरेल, शेंगतेल, करंजाचं, एरंडेल, सोडा, पाणी. तोळ्याचा फरक चालायचा नाही. आणि एवढं सगळं तोलून, घोटून, मिश्रण दाट व्हायला आलं की शेवटी पितळेची एक वाटी भरून शेंगतेल घ्यायची आणि वरून ओतायची. त्या वाटीला माप नव्हतं. कधी काठोकाठ, कधी त्याहून थोडी जास्त, सांडेल इतकी.

"मग आधी एवढं तोललंत कशाला?" मी विचारलं होतं.

"मापात दिलं ते इकलं. वरनं दिलं ते दिलं," ती म्हणाली. "आमच्या मालकांचं दुकान ह्यावरच चाललं. किटली भरली की वरनं एक धार. माणूस पुन्हा यायचंच."

ह्या वरच्या वाटीपायी तिचा साबण लोण्यासारखा लागायचा आणि ह्याच वाटीपायी तो बिघडायचा. तीन-चार महिने झाले की वडीवर केशरी ठिपके उमटायचे आणि मग वास यायला लागायचा, जुन्या डब्यातल्या शेंगदाण्यासारखा, खवट. मी डेअरीच्या प्रयोगशाळेत. दूध, लोणी, तूप किती दिवस टिकेल, कशानं बिघडेल, हे बघणं हीच माझी नोकरी. डोळ्यांदेखत अशी चूक चाललेली बघून माझा हात शिवशिवायचा. मी तिला फळ्यावर शिकवल्यासारखं समजावलं. सोडा ठरावीक तेलच खातो. त्याहून जास्त घातलेलं तेल वडीत तसंच कच्चं राहतं. अंगाला मऊ लागतं ते तेच, आणि हवा लागून खवटतं तेही तेच. जंतू मारायचं औषध घालून काही उपयोग नाही, साबणात जंतू फारसे जगत नाहीत. इथं बिघडतंय ते तेल. वरची वाटी काढा, शेंगतेल कमी करून खोबरेल वाढवा, व्हिटॅमिन ईच्या गोळ्या फोडून घाला, मग बघा कसा टिकतो.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि अंग?"

"अंग थोडं ओढेल."

"मग कुणासाठी टिकवायचा? कपाटासाठी?"

विकण्याचेही तिचे नियम होते. एका माणसाला दोनच वड्या, आणि दुसऱ्या खेपेला आधीच्या वडीचा झिजलेला तुकडा आणून दाखवायचा. तुकडा नसेल तर साबण नाही. गिऱ्हाइकं तो चिकट तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणायची आणि चाची तो उजेडात धरून बघायची. "ह्यो भिजत ठिवलास. साबणदाणीत पाणी साचतंय तुझ्या. घर कसलं ठिवतीस?" बायका ऐकून घ्यायच्या. एकदा पुण्याची एक बाई गाडीतून आली. मुलीच्या लग्नात पाहुण्यांना वाटायला पन्नास वड्या हव्या होत्या, सुंदर डबीत घालून. बोलणं बरं चाललं होतं, चहा झाला होता, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "पण मावशी, ह्याची एक्स्पायरी काय?"

चाचीनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुमची काय हाय, पावणं?"

बाई चहाचा कप तसाच ठेवून निघाली. मी जिन्यावरून खाली आले आणि चाचीवर चिडले. घरात छप्पर गळत होतं, पन्नास वड्यांचे पैसे काही थोडे नव्हते. चाची म्हणाली, "अगं, पन्नास घरात पन्नास वड्या कपाटात पडून मरणार. आणि जी बाई एकदम पन्नास नेतीया ती पुन्हा कशाला यील?"

पुन्हा येणं. तिच्या सगळ्या वेडेपणाच्या मुळाशी हे होतं, पण ते मला कळायला वेळ लागला. कळलं ते तिच्या लेकीमुळं.

एकुलती एक लेक, कुरुंदवाडात दिलेली. मी तिला आपा म्हणायचे. आपाचं कातडं लहानपणापासून वाईट. थंडीत हातापायांना भेगा पडायच्या, रक्त यायचं, कुठलाही साबण लावला की आग व्हायची. डॉक्टर झाले, हकीम झाले. शेवटी चाचीनं स्वतःच साबण करायला घेतला आणि हात-पाय भाजून घेत घेत शिकली. वरची वाटी आपाच्याच अंगासाठी होती. गल्लीतल्यांना मिळायचा तो तिच्यासाठी केलेल्यातून उरलेला.

चाचीचा नवरा गेला तेव्हा आपा आईला न्यायला आली होती. जावयानं सामानासाठी टेम्पो आणला होता. चाचीनं सगळ्या गल्लीसमोर, मयतीला जमलेल्या पाहुण्यांसमोर, मोठ्यानं सांगितलं, "लेकीच्या दारात पडायला मी काय टाकलेली न्हाय." टेम्पो रिकामा गेला. जावई त्यानंतर कधी आला नाही आणि आपा लेक म्हणून यायची बंद झाली. ती साबण न्यायला यायची.

दर तीन-साडेतीन महिन्यांनी, साबण संपला की किंवा त्याला वास यायला लागला की. सकाळच्या एसटीनं यायची, बाहेरच्या सोप्यातच उंबऱ्यापाशी बसायची, आत पाऊल टाकायची नाही. पिण्याचं पाणीसुद्धा तिचं तिच्या बाटलीत. पाचेक मिनिटांत भांडण सुरू व्हायचं. मायलेकी एरवी घरच्या दखनीत बोलायच्या, भांडण तापलं की दोघी मराठीत यायच्या. मी एकदा कारण विचारलं तर चाची म्हणाली, "दखनीत जोर येत न्हाय. मराठीत कसं, समोरच्याला लागतंय." विषय काहीही चालायचा. आपाचं वजन, आपाचा पोरगा, चाचीचं गळकं छप्पर, साबणाचा वास. मग दुपार झाली की चाची पदराला हात पुसत म्हणायची, "कालचं थोडं उरलंय. टाकूनच देणार हुतो. खातीस काय?"

"उरलंय तर दे," आपा उपकार केल्यासारखं म्हणायची.

मी वरच असायचे. पहाटेपासून खाली मटण शिजत असायचं आणि त्याचा वास माझ्या एकुलत्या खिडकीतून आत येत असायचा. कालचं म्हणे. आपा उंबऱ्यावर बसून ते सगळं खायची, बोटं चाटायची आणि संध्याकाळच्या गाडीनं जायची. मला दोघींचा राग यायचा. एका घरात दोन मोठ्या बायका आणि एकीच्याही तोंडातून धड शब्द फुटू नये? फोन दोघींकडं होते. चाची म्हणायची, फोनवर भांडता येत नाही, तोंड बघावं लागतं.

अशाच एका भेटीनंतर मी पुन्हा टिकाऊ साबणाचा विषय काढला. आपाचे हेलपाटे वाचतील, एकदम सहा महिन्यांचा नेता येईल, असं मी म्हटलं. मदत करण्याच्या भरातच म्हटलं होतं. चाची बाजेवर वड्या वळवत होती. तिचा हात थांबला.

"तू शिकलेली हायस, खरं डोकं न्हाय तुला," ती म्हणाली. तिचा आवाज मी कधी नव्हे इतका हळू ऐकला. "टिकला तर ती कशाला यील?"

त्यानंतर मी तो विषय कधी काढला नाही.

काढला तो तिनंच. गेल्या वर्षीच्या थंडीत एका रविवारी ती वर आली, माझ्या कॉटवर बसली आणि बराच वेळ माझी पुस्तकं हुंगत राहिली. मग म्हणाली, "त्यो टिकणारा कसा करायचा म्हणालतीस?"

मला आधी वाटलं, चेष्टा चालली आहे. पण ती वाट बघत होती. मी विचारलं, आता का? तर म्हणाली, "पावसाळ्यात कुरुंदवाडला पाणी येतंय. रस्ता बंद पडला म्हंजे तिनं काय करायचं? अंग सोलून घ्यायचं?" कारण खरं होतं. तिथं पूर येतो, रस्ते बंद पडतात. ती बारीक झाली होती हे मला दिसत होतं. विचारलं तर म्हणायची, रोजे धरले आहेत. रमजान नसतानाही लोक नफली रोजे धरतात, हे तिनंच मला शिकवलं होतं, त्यामुळं मी मान डोलावली.

आम्ही दोघींनी मिळून तो साबण केला. खोबरेल वाढवलं, शेंगतेल जवळजवळ काढून टाकलं, करंजाचं बेतानं. व्हिटॅमिन ईच्या गोळ्या मी सुईनं टोचून पिळल्या. ती मोठमोठी भांडी काढत होती. मी म्हटलं, एवढा कशाला, पावसाळ्यापुरता करू या. ती म्हणाली, "तू तोल." मिश्रण दाट व्हायला आलं तेव्हा तिनं सवयीनं पितळेची वाटी भरून घेतली आणि भांड्यावर धरली.

"चाची, नको. ती वाटी आत गेली की टिकणार नाही."

"अर्धी?"

"अर्धीही नको."

ती वाटी तशीच धरून उभी राहिली. रेनकोटच्या बाहीतून तिचं मनगट दिसत होतं, काडी झालेलं. "उघडं-नागडं दिल्यागत वाटतंय गं," ती म्हणाली. हेल्मेटच्या काचेआड तिचा चेहरा मला दिसला नाही. मग तिनं वाटीतलं तेल परत डब्यात ओतलं, वाटी पालथी घातली आणि घोटायला लागली.

साबण छान झाला. पांढराशुभ्र, कडक, टणटण वाजणारा. सव्वा महिना झाल्यावर मी एक वडी प्रयोगशाळेत नेऊन तपासलीही. कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवला तर दोन वर्षं मरण नाही, असं मी तिला सांगितलं. मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

उन्हाळ्यात आपा आली तेव्हा मी घरीच होते. सोप्यात दोन मोठ्या पिशव्या भरून ठेवलेल्या. चाची भिंतीला टेकून बसलेली होती, उठून दारापर्यंतसुद्धा आली नाही. त्या दिवशी खालून कसलाच वास आला नव्हता. आदल्या रात्रीपासून डोकं दुखत होतं म्हणून मी हे जिन्यातूनच बघून वर जाऊन पडले, पण सगळं ऐकू येत होतं.

"हे काय?" आपानं विचारलं.

"साबण. दोन वर्षं पुरतोय. आता तुला हेलपाटा न्हाय."

 आपा म्हणाली, "बरं."

भांडण झालंच नाही. दुपार झाली, कालचं काही उरलेलं नव्हतं. आपानं दोन्ही पिशव्या उचलल्या आणि ती दुपारच्याच गाडीनं गेली. मी खिडकीतून बघितलं. जड पिशव्यांनी ती एकदा ह्या बाजूला, एकदा त्या बाजूला कलत होती. कोपऱ्यावर तिनं त्या खाली ठेवल्या, हात बदलले आणि वळून न बघता गेली.

पावसाळा आला आणि गेला. पूर त्या वर्षी आलाच नाही. चाची सकाळी दारातल्या पायरीवर येऊन बसायची, एसटीच्या वेळेला. साबण करायचा तिनं बंद केला होता. गिऱ्हाइकं तुकडे घेऊन यायची, त्यांना हातानंच परत पाठवायची. एकदा मी म्हटलं, आपाला फोन लावू का? "साबण हाय की तिच्याकडं," ती म्हणाली. "कशाला यील?" मी म्हटलं, लेक आहे, सहज येईल. त्यावर ती माझ्याकडं बघून हसली. तिच्या हसण्याला आवाज नव्हता, आणि ते मला तेव्हाच फार वाईट वाटलं.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी ती पायरीवरून उठलीच नाही. समोरच्या वहिनी आणि मी रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तिला ओळखत होते. ते माझ्यावरच ओरडले, मी लेक आहे असं समजून. पोटात गाठ होती, पसरलेली, आणि हे त्यांनी तिला वर्षापूर्वीच सांगितलं होतं. उपचार नको म्हणून ती उठून गेली होती. म्हणजे त्या थंडीत माझ्या कॉटवर येऊन बसली तेव्हा तिला सगळं माहीत होतं. रोजे कसले आणि पूर कसला.

मी आपाला फोन केला. ती पोचायच्या आत चाची गेली.

बाकी सगळं जसं होतं तसं झालं. गल्लीतल्या बायकांनी आणि आपानं मिळून चाचीला आतल्या खोलीत न्हाऊ घातलं. मी बाहेर पायरीवर बसून होते. त्याच संध्याकाळी तिला नेलं. आपा रडली नाही. तिच्याकडं बघून माझ्या मनात आलं, ही बाई दगड आहे. तिच्या नवऱ्याचा राग, तिचा उंबरा, तिची पाण्याची बाटली, सगळं मला आठवत होतं आणि मी मनातल्या मनात तिला शिव्या देत होते.

तिसऱ्या दिवशी फातिहा झाल्यावर ती वर माझ्या खोलीत आली. मी पहिल्यांदाच तिला घराच्या एवढ्या आत बघत होते. तिनं पिशवीतून ती पांढरी वडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"ह्यात काय न्हाय घातलं, ते सांग."

मी वडीला हात लावायच्या आत तिनंच ती परत उचलली.

"मला पयल्याच आंघोळीला कळलं," ती म्हणाली. "अंग ओढलं. ह्यात वरची वाटी न्हाय." मग खिडकीकडं बघत सांगायला लागली. "अब्बाच्या दुकानात एक रीत हुती. एखाद्याला पुन्हा यिऊ नगंस असं तोंडानं म्हणायचं न्हाय. बाजारातला माणूस, तोंड कशाला वाईट करायचं? त्याला मापात द्यायचं. काटा बरोबर मधी, वरनं थेंब न्हाय. त्यो माणूस काय ते समजायचा आणि पुन्हा दुकानाची पायरी चढायचा न्हाय. मी ल्हान हुतो तवापासनं बघितलंय." ती माझ्याकडं वळली. "अम्मानं मला दोन वर्षांचं एकदम दिलं. मापात दिलं. जेव म्हटली न्हाय. मग मी काय समजायचं?"

मी तिला सगळं सांगितलं. वाटी मी काढायला लावली, टिकावा म्हणून. अर्धी तरी घालू दे, असं ती म्हणत होती. त्या आधीच डॉक्टरांनी तिला गाठीचं सांगितलं होतं. मी सांगत होते आणि आपा वडीवरून अंगठा फिरवत होती, चाचीसारखाच.

"म्हंजे जाणार हाय हे तिला म्हाईत हुतं."

"हो."

"आणि मला साबण पुरवून ठिवला." ती हसल्यासारखी झाली. "साबणासाठी कोण येतंय गं एवढ्या लांब? ती उरलंय म्हणायची, मी जेवायचो. माझं तेवढ्यात भागायचं."

खालून कुणीतरी भांडी आवरत असल्याचा आवाज येत होता. आपानं वडी उलटी करून बघितली. तिच्यावर एक ठिपका नव्हता.

"ही वडी परवाबी पिशवीत हुती," ती म्हणाली. "निघताना घातलती, का ते मला म्हाईत न्हाय. तिला न्हाऊ घालायच्या वक्ताला काढली बी. खरं हाताला धरवंना. म्हटलं, तिनं मला मापात दिलं. कोपऱ्यावरच्या दुकानातनं साबण मागवला आणि त्यानं धुतलं तिला."

 तिच्याबद्दल दोन दिवस जे जे मनात आणलं होतं त्याची मला लाज वाटली. आपा आता रडत होती, पण चेहरा तसाच ठेवून, जणू ते पाणी दुसऱ्या कुणाचं होतं. बऱ्याच वेळानं तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"आता ह्यात वरनं तेल घालता येतंय काय?"

मी प्रयोगशाळेतली बाई. जे खरं ते सांगितलं. "किसून, वितळवून घालता येतं. पण मग टिकणार नाही, आपा. चार महिन्यांत खवट होईल."

"हुदे की," ती म्हणाली. "खवट झाला की कुणाकडं यायचं, तेवढं सांग."